मॉडरेट म्हणालात तुम्ही

अहो, सरांचा पेपर आज पुन्हा मधल्या भिंतीवर आला. दहाच्या सुमारास, नेहमीसारखी घडी घालून, वर विटेचा तुकडा ठेवून. मी दोरीवर कपडे वाळत घालत होते. सरांनी मान वर केली, मी दिसले, आणि त्यांचा चेहरा असा खर्रकन उतरला की मलाच त्यांची कीव आली. "वहिनी, सवयीनं ठेवला हो," म्हणाले आणि परत उचलायला लागले. मी म्हटलं, "राहू द्या सर. मी वाचते."

त्यांनी पेपर परत विटेखाली ठेवला. शेजारी राहतात, पंचवीस वर्षांपासून त्यांना माहीत आहे की मी पाचोडच्या जिल्हा परिषद शाळेतली आठवी पास बाई. आणि हेही माहीत आहे की गेली दोन वर्षं त्यांचा इंग्रजी पेपर आपल्या ओट्यावर दोघं मिळून वाचत होतो, तोही फक्त हवेच्या प्रदूषणाची बातमी असली तरच. त्या दोघांतले तुम्ही गेलात. तेरावं होऊन आठवडा झाला. प्रशांत आणि सूनबाई मेघना पुण्याला परत गेले, पाहुणे पांगले, आता घरात मी आणि फ्रिजचा आवाज. म्हणून लिहायला बसले. बोलताना माझं एक वाक्य कधी पुरं होऊ दिलं नाहीत तुम्ही. आता घ्या ऐकून मुकाट्यानं.

खरं तर हे इंग्रजी आपण आपणहून मागितलंच नव्हतं. चिकलठाण्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं तुम्ही नळाच्या तोट्यांना पॉलिश केलं. घरी यायचात तेव्हा भुवयांवरसुद्धा ती करडी धूळ असायची आणि मी म्हणायचे, आधी मोरीत जा, मग चहा. भुवयांवरची धुतली गेली, छातीतली राहिली. रिटायर झालात आणि दोन वर्षांत जिना चढताना मधेच थांबायला लागलात. डॉक्टर म्हणाले, हवा खराब असेल त्या दिवशी बाहेर पडायचं नाही. आता हवा खराब आहे हे माणसाला कळावं कसं? गारखेड्यात हवा रोज सारखीच दिसते. प्रशांतनं तुमच्या मोबाइलमध्ये काहीतरी टाकून दिलं, ते इंग्रजीत. सरांनी पेपर दिला, तोही इंग्रजीत. तुमचं इंग्रजी कारखान्यातलं. ओके, रिजेक्ट, टाइट, लूज. तेवढ्यावर अख्खी नोकरी निघाली होती तुमची.

तुम्ही पेपर घेऊन ओट्यावर बसलात, चष्मा लावलात आणि मोठ्यानं वाचायला लागलात. तीन शब्द झाले की दम. पुन्हा दोन शब्द, पुन्हा दम. मी आत मेथी निवडत होते. मला ऐकवेना. बाहेर येऊन म्हटलं, "द्या इकडं, मी वाचते." तुम्ही चष्म्यावरून असं पाहिलंत, जसं काही मी विमान चालवायला मागितलंय.

"तुला येतंय व्हय?"

"नाय येत. तुम्ही शिकवा. तुमच्या डोक्यात इंग्रजी आहे, छातीत दम नाय. माझं उलटं आहे."

अशी आपली शाळा भरली. पहिली बातमी दिल्लीची होती, आणि तिचं एक वाक्य वाचेपर्यंत माझा चहा गार झाला. 'पोल्यूशन' हा शब्द मी असा काही वाचला की तुम्ही हसता हसता खोकायला लागलात आणि मी पाणी आणायला धावले. "हसू नका ना, जीव जाईल अशानं." "मग नीट वाच की गं." रोज पाच शब्द ठरवलेत तुम्ही. शब्दाखाली पेन्सिलनं रेघ, बाजूच्या कोऱ्या जागेत मराठी अर्थ. पेपर सरांना परत द्यायचा नसायचा म्हणून बरं, नाहीतर त्या रेघोट्या बघून त्यांनी कपाळाला हात लावला असता.

एकदा 'स्टबल' आला. तिकडं उत्तरेत शेतकरी ते जाळतात आणि दिल्लीत धूर होतो, एवढं कळलं, पण जाळतात काय ते कळेना. तुम्ही डिक्शनरी काढलीत. पीक कापल्यावर जमिनीत उरलेला देठाचा भाग, असं काहीतरी लांबलचक होतं त्यात. तुम्ही ते तसंच उतरवून घ्यायला लागलात. मी म्हटलं, "अहो, धसकटं म्हणतात त्याला, धसकटं!" तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. "बरोबर आहे की." गावाकडचेच तुम्ही, पण कारखान्यानं धसकटं विसरायला लावली होती. त्या दिवशी मी अशी ऐटीत होते म्हणता! पोळ्या लाटताना आपली एकटीच म्हणत होते, स्टबल, स्टबल.

बातमीच्या शेवटी एक ओळ ठरलेली असायची. सेन्सिटिव्ह ग्रुपनं घराबाहेरची श्रमाची कामं टाळावीत. म्हणजे म्हातारी माणसं, लहान लेकरं, दम्याचे रोगी. ती ओळ तुम्हाला भलतीच आवडली. "मी सेन्सिटिव्ह ग्रुप आहे, दळण तू आण." "मी सेन्सिटिव्ह ग्रुप आहे, सिलेंडर तू सरकव." मी म्हणायचे, सेन्सिटिव्ह ग्रुपला जेवायला मात्र दोन्ही वेळा बरोबर कळतं. मग एक दिवस 'प्रोलाँग्ड एक्सपोजर' आला. फार काळ सतत संपर्कात राहणं, त्यानं फुप्फुसं कायमची खराब होतात. तुम्ही अर्थ लिहिलात, माझ्याकडं बोट केलंत आणि म्हणालात, "छत्तीस वर्षं." मी पेपरची सुरळी करून पाठीत हाणली तुमच्या. कसले हसलात! आता ते हसणं आठवायला जाते तर मधे खोकलाच ऐकू येतो.

दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितलं होतं, रोज दम कसा आहे ते लिहून ठेवा, दहापैकी आकडा द्या. तुम्ही चिडलात. "दहापैकी किती म्हणजे काय? परीक्षा आहे का?" मग युक्ती तुम्हीच काढलीत. पेपरात हवेला सहा दर्जे असतात, तेच आपल्या छातीला. गुड, सॅटिसफॅक्टरी, मॉडरेट, पुअर, व्हेरी पुअर, सिव्हिअर. सकाळी चहा देताना मी विचारायचे, "आजची हवा?" तुम्ही एक शब्द सांगायचात आणि ज्या कॅलेंडरवर दूध मांडतो त्याच्यावर त्या तारखेच्या चौकोनात इंग्रजी अक्षर काढायचात. 'गुड' कधी आलंच नाही आणि मी त्याची वाटही पाहत नव्हते. ठराव एकच झाला होता. व्हेरी पुअर म्हटलं की त्याच घटकेला दवाखाना. वाद नाही, संध्याकाळी बघू नाही. माझ्या हातावर हात मारून कबूल केलं होतंत तुम्ही.

ह्या सहा शब्दांनी एकदा माझी अब्रूच काढली. मेघनाची आई आल्या होत्या. विहीणबाई पुण्याच्या, जन्मभर कॉलेजात शिकवलेल्या. जेवताना लेकीला चिडवायचं म्हणून त्यांनी मला इंग्रजीत विचारलं, माझी मुलगी सून म्हणून कशी आहे? अहो, मला प्रश्न कळला! त्याचाच आनंद इतका झाला की मी ताडकन उत्तर दिलं, "मॉर्निंग सॅटिसफॅक्टरी. इव्हनिंग पुअर." पेपरात रोज तसंच तर लिहितात, सकाळी बरी असते, संध्याकाळी बिघडते. मला वाटलं इंग्रजीत असंच बोलतात. विहीणबाईंचा घास हातातच राहिला. तुम्ही मला सावरून घ्यायचं सोडून मोरीत जाऊन भिंतीला धरून हसत उभे. प्रशांतनं सगळा उलगडा करेपर्यंत बाईंनी पानाला हात लावला नाही. पोरगी मात्र गुणाची हो आपली. अजून फोनवर म्हणते, "आई, आज मी मॉडरेट आहे."

पण एक भांडण आपलं अर्धंच राहिलं. मागच्या गणपतीनंतरची गोष्ट. सकाळी तुम्ही पेपरच्या जागी दवाखान्याची फाईल ठेवलीत.

"आज बातमी नको. हे वाच."

"हे कशापायी?"

"डॉक्टर आपसात इंग्रजीत बोलतात. प्रशांत पुण्यात. तुला कळाया पाहिजे."

मला जे कळायचं ते कळलं. फाईल मिटून तुमच्या पुढ्यात टाकली. म्हटलं, "मला हवेपुरतं इंग्रजी पुरं आहे. फाईल वाचायला तुम्ही आहात."

"मी काय कायमचा आहे का?"

इतक्या साध्या आवाजात म्हणालात, जसं काही दूध आलं का असं विचारताय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नाही नाही ते बोलले मी तुम्हाला. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी तुम्ही गुपचूप पेपर आणून ठेवलात, मी गुपचूप वाचला आणि तो विषय तिथंच बंद झाला. तुम्ही मला एकटीनं राहायला शिकवत होतात आणि मी त्याचाच राग धरून बसले. माफी मागायची होती. आज मागू, उद्या मागू असं करत राहिले.

तुम्ही कसले हार मानताय म्हणा. ते मला फार उशिरा कळलं. फाईल ठेवून दिलीत आणि तिच्यातलेच शब्द बातमीत हुडकायला लागलात. कुठं धुरानं फुप्फुसांचं काय होतं असं छापून आलं की त्या दिवशीचे पाचही शब्द तिथलेच. 'डिटेरिओरेट' माझ्याकडून तीनदा घोकून घेतलात, म्हणजे बिघडत जाणं. 'इरिव्हर्सिबल', म्हणजे पुन्हा पहिल्यासारखं न होणारं. मी आपली पोपटासारखी म्हणत गेले. हवेचंच चाललंय अशी माझी समजूत.

आज सकाळी सरांचा पेपर उघडला तर आतल्या पानावर कोपऱ्यात हवेची बातमी होती. निम्मी वाचली. एक शब्द अडला. भिंतीपलीकडं सर झाडांना पाणी घालत होते, विचारता आलं असतं. नाही विचारलं. पेन्सिलनं खाली रेघ तेवढी मारून ठेवली.

असो. पुढं सांगते, कारण पुढचं सांगायलाच बसलेय.

दादाचा फोन आला, माझ्या भावाचा, पाचोडहून. "हुरडा आलाय. शांताक्का येतीया, कमळ येतीया. तू येतीस का नाय?" आई गेल्यापासून आम्ही तिघी बहिणी एका जागी जमलो नव्हतो. मी नको नको म्हणत होते, बॅग तुम्हीच काढून दिलीत. तुम्हाला यायची सोय नव्हती, हुरड्याची आगटी म्हणजे नुसता धूर. "सेन्सिटिव्ह ग्रुप घरी राहील. तू खुशाल जा दोन दिवस. शेजारी सर आहेत. डबा मागवू." रोज सकाळी फोनवर आजची हवा सांगायची, एवढं कबूल करून घेतलं आणि निघाले. दोन दिवसांसाठी गेले आणि चौथ्या दिवशी आले.

काय सांगू, लई मजा आली. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं ते खरं. ज्वारीच्या कडेला पोतं टाकून बसलो होतो. गोवऱ्यांच्या विस्तवात कणसं भाजायची, दादा ती हातावर चोळून गरम गरम दाणे आमच्या पुढ्यात टाकणार. शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. धूर सरळ डोळ्यात येत होता आणि आम्ही तिघी म्हाताऱ्या लहान पोरींसारख्या खिदळत होतो. मी म्हटलं, "दादा, तुझ्या शेतातली हवा सिव्हिअर हाये बरं का." शांताक्कानं तोंडाला पदर लावला. "आता गं बया! ही कवा शिकली इंग्रजी?" मग काय, मी सुटलेच. धसकटांना काय म्हणतात, धुक्याला काय, श्वास आत घेण्याला काय, सोडण्याला काय. कमळ म्हणाली, "भावजींनी शिकिवलं व्हय? आमच्या ह्यांनी तर मला नुसतं गप बसायला शिकिवलं." हसून हसून पोटं दुखली. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या बहिणींत हुशार ठरले होते, आणि ते तुमच्यामुळं.

पहिल्या सकाळी फोनवर तुम्ही म्हणालात, सॅटिसफॅक्टरी. दुसऱ्या सकाळी सॅटिसफॅक्टरी. तिसऱ्या दिवशी मी परत निघणार होते, त्या सकाळी म्हणालात, मॉडरेट. म्हटलं, मग राहते आजच्या दिवस. चौथ्या सकाळी माझ्या आधी फोन वाजला, तो सरांचा होता. "वहिनी, भाऊंना दवाखान्यात आणलंय. तुम्ही निघा."

मी पोचले तेव्हा तुमच्या तोंडावर तो सूं सूं करणारा मास्क होता. मला बघितलंत. बोलता येत नव्हतं आणि मास्क काढू देत नव्हते. तुमच्या कानाशी वाकून मी काय विचारावं? "आजची हवा?" मूर्ख बाई. दुसरं काही सुचलंच नाही. तुम्ही डोळे मिटून घेतलेत.

एक तरुण डॉक्टर आले. माझ्यासमोरच सरांकडं वळून इंग्रजीत बोलायला लागले, जसं काही मी तिथली खुर्ची आहे. डिटेरिओरेटेड. इरिव्हर्सिबल. सिव्हिअर. मग माझ्याकडं वळून मराठीत म्हणाले, "काळजी करू नका मावशी, औषधं चालू आहेत, बरं वाटेल." मी मान हलवली. मला सगळं कळलं होतं, अहो. त्या प्रत्येक शब्दाखाली मला तुमची पेन्सिलीची रेघ दिसत होती. सरांनी माझ्याकडं पाहिलं आणि त्यांना कळलं की मला कळलंय. ते खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. मी रडले नाही. व्हरांड्यात जाऊन प्रशांतला फोन केला आणि सांगितलं, "राहायची तयारी करून या. दोघंही या." ज्या कामासाठी तुम्ही ती फाईल माझ्यापुढं ठेवली होतीत, ते काम मी नीट केलं. तेवढ्यापुरती तरी शाबासकी द्या मला. दोन दिवस तुमच्या पायाशी बसले आणि तिसऱ्या सकाळी तुम्ही गेलात.

दहावं झाल्यावर प्रशांत दूध मांडायला कॅलेंडरपाशी गेला आणि तिथंच उभा राहिला. मी गेले काय झालं बघायला. माझ्या त्या पाचोडच्या दिवसांचे चौकोन. पहिल्यात पी, म्हणजे पुअर. दुसऱ्यात पी. तिसऱ्यात व्हीपी. चौथा कोरा. अक्षरं तुमचीच, शेवटची जरा वाकडी.

"आई, तुला फोनवर काय सांगत होते?"

मी सांगितलं. तो ऐकून घेऊन अंगणात निघून गेला. त्याचा राग तुम्हाला माहीत आहे, थेट तुमचाच उतरलाय. तेव्हापासून भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो एकच सांगत होता. बाबांनी फसवलं आम्हाला. आईला खोटं सांगत राहिले. तिला कळलं असतं तर दोन तासांत घरी आली असती. माणसं माना हलवायची. भाऊ पहिल्यापासून तसेच, कोणाला त्रास द्यायचे नाहीत, पण हे अति झालं. आणि मी पदरात तोंड घालून बसायचे. एकदाही म्हटलं नाही की थांब, असं नव्हतं.

चिडले होते मी पण तुमच्यावर, अजून चिडलेली आहे. हातावर हात मारला होता ना? मग? हुरडा काय, पुढच्या वर्षी पुन्हा आला असता! ते कॅलेंडर खरं आणि मी खोटी? भिंतीला सांगितलंत, बायकोला नाही सांगितलंत. हे सगळं मी तुमच्या फोटोपुढं उभं राहून बोलले आहे, दार लावून, मोठ्यानं. पण जे बोलले नाही ते आता लिहिते.

दोन वर्षं मी तुमचा दम ऐकत होते. वाचायचं काम माझं होतं तसं ऐकायचंही माझंच होतं. एका दमात तुमचे किती शब्द होतात त्यावरनं मला सकाळीच कळायचं, तुम्ही नाव सांगायच्या आधी. बऱ्या दिवशी अख्खं वाक्य. मॉडरेटला चार-पाच शब्द. पुअरला दोन. त्या तिसऱ्या सकाळी मी फोनवर विचारलं, आजची हवा? आणि 'मॉडरेट' हा एवढासा शब्द तुम्ही दोन दमांत म्हणालात. अर्धा म्हणून थांबलात. मग श्वास ओढल्याचा आवाज आला, तो बारीक शिट्टीसारखा. मग उरलेला अर्धा.

मला ऐकू आलं, अहो. पाठीमागून शांताक्का हाका मारत होती, "अगं ये की, कणसं करपत्यात." दहाची एसटी धरली तर साडेअकराला मी घरी, हा हिशेबसुद्धा मनात झाला होता. आणि मग मी म्हटलं, "मॉडरेट ना? मग राहते आजच्या दिवस. उद्या येते." तुम्ही म्हणालात, "हं." फोन ठेवला आणि मी पळत गेले बहिणींकडं, साठीची बाई, साडी वर खोचून.

मला राहायचं होतं. दुसरं काही कारण नाही. मला अजून एक दिवस कोणाचा दम न मोजता बसायचं होतं. माझ्या बहिणी मला हुशार म्हणत होत्या ते अजून एक दिवस ऐकायचं होतं. तुम्ही खोटं सांगितलंत आणि मी दोन्ही हात पुढं करून ते घेतलं. आणि वर लोकांपुढं तुम्हाला खोटारडं ठरू दिलं, तुमच्या पोराच्या तोंडून.

काल संध्याकाळी प्रशांतचा फोन आला. जेवलीस का, गोळी घेतलीस का, सगळं झालं आणि पुन्हा गाडी तिथंच. "मेघना म्हणते सोडून द्या आता. पण मला नाही सोडवत आई. असं कोणी फसवतं का आपल्या माणसांना?"

मी म्हटलं, "प्रशांत, थांब. त्यांनी नाही फसवलं मला. त्या दिवशी फोनवर मला त्यांचा दम ऐकू आला होता. मला कळलं होतं. कळून मी राहिले."

बोलून टाकलं. आता हा ओरडेल, फोन आपटेल, पुन्हा आई म्हणणार नाही, अशी सगळी तयारी करूनच बोलले होते.

"आई," तो म्हणाला, "त्या दुपारी मी पण केला होता बाबांना फोन."

"मग?"

"बोलता येत नव्हतं गं त्यांना. मी विचारलं, दम लागतोय का? मॉडरेट म्हणाले. कसंबसं म्हणाले. मी मीटिंगला जात होतो. मला कळलं होतं. मी म्हटलं, आई उद्या येतेच आहे, ती बघेल."

आणि तुमचा पोरगा रडायला लागला. दवाखान्यात नाही, स्मशानात नाही, तेराव्याला नाही, काल रडला. तुमच्यावरचा राग धरून ठेवला होता त्यानं, तो हातातून सुटला तसा कोसळलाच. मी त्याला गप्प केलं नाही. काय सांगून करणार? आम्ही दोघं फोन कानाला लावून तसेच रडत बसलो. बऱ्याच वेळानं मेघनानं त्याला पाणी दिल्याचं ऐकू आलं.

तुम्हाला वाटलं असेल, दोघांनाही बरोबर गंडवलं, बायको माहेरी सुखात आहे, पोरगा कामात आहे. त्या समाधानात गेला असाल तर तेवढं तुमच्याकडं असू द्या. पण ह्या घरात आता तुम्हाला कोणी खोटं म्हणणार नाही. आम्हाला ऐकू आलं होतं, अहो. दोघांनाही.